पोर्तुगालचे प्राध्यापक म्हणतात 'वायडनिंग'वाल्या देशात ये, हे नक्की काय प्रकरण आहे?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी रत्नागिरी तालुक्यातली. २०२१ ला पीएचडी झाली, विषय तिसऱ्यांमधले परजीवी, म्हणजे शिंपल्यातल्या प्राण्याला जे रोग होतात ते. सध्या एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते, तासाचे पैसे, ते पण चार-चार महिन्यांनी, आणि मे महिना कोरडा. रिसर्च म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी ओहोटी बघून खाडीत उतरायचं, बादलीभर तिसऱ्या काढायच्या, निम्म्या सॅम्पलला, निम्म्या घरी सुक्याला. सासूबाई म्हणतात तुझ्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग.

तर झालं असं की माझा एक पेपर वाचून दक्षिण पोर्तुगालमधल्या एका प्राध्यापकांनी मेल केली. त्यांच्याकडे रिआ फोर्मोझा म्हणून मोठं खाजण आहे, तिथे तिसऱ्यांसारख्याच शिंपल्यांची शेती चालते, आणि पर्किन्सस नावाचा जो परजीवी माझ्या विषयात येतो तो तिथे कित्येक वर्षं त्रास देतोय. ते म्हणाले माझ्याकडे मारी क्युरी पोस्टडॉकला (पीएचडीनंतर संशोधनासाठी मिळणारी युरोपियन युनियनची फेलोशिप) अर्ज कर, आणि पोर्तुगाल 'वायडनिंग' देश असल्याने तुला दुसरा चान्सही मिळेल. मी आपलं हो हो म्हणून उत्तर दिलं आणि मग गुगल करत बसले तर एवढी नावं निघाली, ट्विनिंग, टीमिंग, इरा चेअर, हॉप ऑन, की डोकं गरगरलं.

प्रश्न असे आहेत. एक, हे वायडनिंग म्हणजे काय, रिसर्चमध्ये मागे असलेल्या देशांसाठी रिझर्व्हेशन आहे का? दोन, माझे गाईड म्हणतात युरोपातच जायचं तर जर्मनीला जा, मागासलेल्या देशात जाऊन काय करणार, बायोडेटावर दुय्यम दिसेल. खरंय का हे? तीन, नवरा इथे बँकेत, मुलगी चार वर्षांची, पगारात भागतं का?

आणि चौथा प्रश्न नाही, खदखद आहे. आमच्या कॉलेजला मागे एका सरकारी योजनेतून उणे ८० चा फ्रीझर मिळाला होता. हार घातला, फोटो काढला, प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी, सगळे फोटोत. प्रोजेक्ट संपला तसं एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे भरायला हिशेबात हेड उरला नाही. मागच्या जुलैत सलग दीड दिवस लाईट गेली, इन्व्हर्टरवर फक्त ऑफिसचे कॉम्प्युटर, आणि मी सोमवारी जाऊन दार उघडलं तर खालच्या कप्प्यात पाणी आणि चौदा महिन्यांच्या सॅम्पलचा वास. त्या वासात उभी असतानाच ठरवलं की बाहेर पडायचं. म्हणून जरा कळकळीने विचारतेय.

ब्रनो_ते_लांजा

ताई, मी ह्याच दारातून आत गेलोय म्हणून सांगतो. मूळ लांज्याचा, केमिस्ट्रीवाला, २०२२ च्या कॉलमध्ये (अर्ज मागवतात ती फेरी) अर्ज केला होता, होस्ट म्हणजे यजमान संस्था चेक रिपब्लिकमध्ये ब्रनोला.

आधी हे समजून घ्या की तुम्हाला दोन अर्ज करायचे नाहीत. फॉर्म एकच, मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपचा, डेडलाइन साधारण सप्टेंबरमध्ये, आपला गणपती आणि ही डेडलाइन दरवर्षी एकमेकांच्या अंगावर येतात. तुमची होस्ट संस्था वायडनिंग देशात असेल तर तोच अर्ज 'इरा फेलोशिप' नावाच्या दुसऱ्या कॉलमध्ये आपोआप जातो, तुम्ही मुद्दाम नको म्हटलं तरच जात नाही. मारी क्युरीत मार्क चांगले पडूनही पैसे संपले म्हणून राहिलेले जे लोक असतात त्यांच्यातून, ७० टक्क्यांच्या वर असलेल्यांना वरून खाली क्रमाने घेतात, दुसऱ्या कॉलचे पैसे पुरतील तिथपर्यंत. मला ८८ आणि वर काहीतरी होते, माझ्या पॅनेलची म्हणजे विषयगटाची कटऑफ लाईन त्याच्या बरीच वर गेली, सरळ रिजेक्ट. बायकोला सांगून मोकळा झालो, दोन दिवस कोणाशी बोललो नाही, आणि मग काही आठवड्यांनी ही दुसरी मेल. हाच अर्ज जर्मनीतून केला असता तर ८८ मार्क घेऊन घरी बसलो असतो, फार तर 'सील ऑफ एक्सलन्स' म्हणून ८५ च्या वरच्यांना एक सर्टिफिकेट देतात ते फ्रेम केलं असतं.

आणि ह्याचं महत्त्व आता जास्त वाढलंय. २०२४ ला १० हजारांवर अर्ज आले होते, २०२५ ला तोच आकडा १७ हजारांवर गेला. तेवढ्या प्रमाणात पैसे काही वाढलेले नाहीत. त्यामुळे दुसरा दरवाजा उघडा असणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

अटी दोन मोठ्या. पीएचडीनंतर ८ वर्षांच्या आत, आणि डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. राष्ट्रीयत्वाची अट नाही, भारतीय पासपोर्ट चालतो, किंबहुना भारतीयांचा नंबर ह्यात कायम वर असतो. तुम्ही दोन्हीत बसता. ८ वर्षं कशी मोजतात, शिकवण्याचा काळ धरतात का, ह्याचे नियम बदलत असतात म्हणून त्या त्या वर्षीचं अर्जदारांसाठीचं गाईड वाचा, जुन्या यूट्यूब व्हिडिओवर जाऊ नका.

पगार. माझ्या वेळी कागदावर महिना ५०८० युरो होते, त्याला देशाचा गुणक लागतो, डेन्मार्कला शंभराच्या वर, चेकला खाली, बल्गेरियाला आणखी खाली. वर ६०० मोबिलिटीचे आणि कुटुंब असेल तर ६६०. हे आकडे बघून रत्नागिरीत फ्लॅट बुक करू नका, कारण ह्यातून नोकरी देणाऱ्याचा सोशल सिक्युरिटीचा हिस्सा, मग तुमचा हिस्सा, मग टॅक्स जातो. माझ्या हातात निम्म्यापेक्षा थोडे जास्त यायचे. पण ब्रनोत तेवढ्यात आम्ही तिघं नीट राहिलो, म्युनिकमध्ये घरभाड्यातच निम्मे गेले असते. बायको सुरवातीला रडली, ती थंडीमुळे आणि खोबरं मिळत नाही म्हणून, पैशामुळे नाही.

आता तुमच्या गाईडसरांचं 'मागासलेला देश'. माझ्या लॅबमध्ये जे मास स्पेक्ट्रोमीटर होते ते मी मुंबईत फक्त ब्रोशरमध्ये बघितले होते. ब्रनोला सीआयटेक म्हणून संस्था आहे, प्रागजवळ ईएलआय बीमलाइन्सचं लेझर केंद्र आहे, ही सगळी युरोपियन युनियनच्या स्ट्रक्चरल फंडातून, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासनिधीतून उभी राहिलेली. म्हणजे इमारती नि मशिनं ह्या देशांकडे बऱ्यापैकी आलीत. कमी काय आहे तर बाहेरचे लोक, नाव, आणि मोठ्या प्रोजेक्टांच्या कंपूत आपल्याला बोलावणारं कोणीतरी. वायडनिंगचा पैसा मुख्यतः त्यासाठी आहे, हे मला तिथे जाऊन वर्षभराने कळलं. आमच्या मजल्यावर अख्ख्या ग्रुपमध्ये परदेशी आम्ही दोघंच, मी आणि एक तुर्की मुलगी, आणि मीटिंग आमच्यासाठी इंग्रजीत घ्यायची हे त्यांना दर वेळी आठवण करून द्यावं लागायचं.

जायच्या आधी एक मात्र विचारून घ्या, मी नाही विचारलं आणि पस्तावलो. दोन वर्षं संपल्यावर काय? माझे प्राध्यापक देवमाणूस, पण संस्थेकडे पुढची जागाच नव्हती. गाशा गुंडाळला. आता पुण्यात कंपनीत आहे.

आंबोली_गजालवालो

ता सगळा ठीक आसा, पण माका एक सांगा, पैशे संपले काय मगे ता मशीन कोण चालवतलो? आमच्या वाडीत नळपाणी योजना इली, टाकी बांधली, उद्घाटन झाला, नारळ फुटलो. आता पाणी नाय, टाकी आसा. पोरां तेच्यावर चढान मोबाईलाची रेंज बघतत.

कागदवाली

हाहा टाकीवाल्या काकांनी एका ओळीत जे सांगितलं ते सांगायला युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्सला (युरोपियन युनियनचे हिशेब तपासणारी संस्था) २०२२ मध्ये आख्खा रिपोर्ट लिहावा लागला, आणि मी मस्करी करत नाहीये.

ओळख : माहेर गुहागर, गेली नऊ वर्षं बेल्जियममध्ये, काम हेच, विद्यापीठांना युरोपियन प्रपोजलं लिहायला मदत करणं. त्यामुळे ह्या नावांचं जंगल माझ्या रोजच्या वाटेवरचं आहे.

रिझर्व्हेशन म्हणालात तर नाही, पण भावना जवळची आहे. २००४ ला दहा देश युरोपियन युनियनमध्ये आले, २००७ ला बल्गेरिया-रोमानिया, २०१३ ला क्रोएशिया. रिसर्चच्या मोठ्या निधीत मात्र स्पर्धा खुली, जो चांगलं प्रपोजल लिहील त्याला पैसे, मग ते जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्सच नेणार, कारण त्यांच्याकडे लॅब आहेत, ओळखी आहेत, आणि प्रपोजल लिहिणारी माझ्यासारखी माणसं पगारावर आहेत. होरायझन २०२० म्हणजे युरोपियन युनियनचा २०१४ ते २०२० चा संशोधन निधी, त्यातले ह्या तेरा देशांना मिळून सुमारे ५ टक्के पैसे गेले. तेरा देशांना मिळून! ही दरी भरायला त्याच निधीत २०१४ पासून वेगळा कप्पा केला, ह्यात पण स्पर्धा आहे पण कोऑर्डिनेटर मागच्या रांगेतलाच हवा. होरायझन युरोप म्हणजे त्याच्या पुढचा निधी, २०२१ ते २०२७, सुरवातीला ठरलेले एकूण ९५.५ अब्ज युरो, त्यात ह्या कप्प्याला जेमतेम ३ अब्ज. म्हणजे पंगतीत बसवलं खरं, पण वाढप्याचं लक्ष अजून पलीकडेच.

कोण मागे हे कसं ठरवलं तर रिसर्चच्या दर्जाचा एक निर्देशांक काढला आणि युरोपियन सरासरीच्या ७० टक्क्यांखालचे ते वायडनिंग. गंमत म्हणजे पहिल्या यादीत लक्झेंबर्ग होता, श्रीमंतीत सगळ्यांच्या वर, आणि ग्रीस नव्हता. होरायझन युरोपात उलटं झालं, लक्झेंबर्ग गेला आणि ग्रीस आला. आता पंधरा सभासद देश आहेत, पोर्तुगाल पहिल्यापासून. तेव्हा तुमच्या गाईडना सांगा 'मागासलेला' हा शब्द सरासरीवरून येतो, लॅबवरून नाही. पोर्तुगालमधली समुद्र विज्ञानाची मंडळी जर्मनीतल्या कित्येक ग्रुपपेक्षा उजवी आहेत. शिंपल्यातल्या पर्किन्ससवर काम करायचं तर म्युनिकला जाऊन काय बिअर गाळणार?

बाकी नावं. ट्विनिंग म्हणजे जोडी लावणं, मागच्या रांगेतली एक संस्था पुढच्या रांगेतल्या निदान दोन संस्थांशी तीन वर्षं बांधून घेते, माणसं जातात येतात, समर स्कूल, एकत्र पेपर. रक्कम साधारण दीड मिलियन युरोपर्यंत. आधी ह्यात प्रत्यक्ष रिसर्चला पैसेच नव्हते, नुसत्या गाठीभेटी, त्यावर बोंब झाली, आता बजेटच्या ३० टक्क्यांपर्यंत चालतं. इरा चेअर म्हणजे एक बडा माणूस बाहेरून आणायचा, पाच वर्षं, अडीच मिलियनपर्यंत, त्याने ग्रुप उभा करायचा आणि संस्थेने त्याच्या मध्ये मध्ये करायचं नाही (हे शेवटचं वाक्य कागदावर असतं). हॉप ऑन म्हणजे सुटलेल्या गाडीत चढणं, आधीच चालू असलेल्या मोठ्या प्रोजेक्टात ह्या देशातला एक भागीदार मागाहून घ्यायचा. आमच्या ऑफिसात एक जण ह्याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतो, तो सातारचा आहे, सोडून द्या.

सगळ्यात मोठं टीमिंग. नवीन केंद्रच उभं करायचं, किंवा असलेलं नव्याने बांधायचं, नाव असलेल्या संस्थेचा हात धरून. युरोपकडून १५ मिलियनपर्यंत, पण अट अशी की निदान तेवढेच पैसे आपल्या देशाने किंवा दुसरीकडून आणून दाखवायचे. स्लोव्हेनियात इझोला म्हणून एड्रियाटिकच्या काठी छोटंसं मासेमारीचं गाव आहे, एकेकाळी मासे डबाबंद करायचे कारखाने होते तिथे. आज तिथे लाकडावर संशोधन करणारं इनोरिन्यू नावाचं केंद्र आहे, ह्याच योजनेतून, जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेशी जोडी लावून. सायप्रसला लार्नाकात समुद्र विज्ञानाचं सीएमएमआय तसंच. मी कामानिमित्त इझोलाला गेले होते, बंदरावर जाळी दुरुस्त करत बसलेले म्हातारे आणि मागे ही नवी कोरी लाकडी इमारत. मला आपलं मिरकरवाडा बंदर आठवलं आणि उगाच घशाशी आलं.

पण आता टाकी. ऑडिटर्सनी काय म्हटलं, की योजना आखली चांगली आहे, पण टिकाऊ बदल होणार की नाही हे त्या त्या देशाच्या सरकारवर आहे. टीमिंगमध्ये देशांनी कबूल केलेले जोडीचे पैसे उशिरा आले, त्यामुळे माणसं नेमणं रखडलं, मशिनं रखडली. इरा चेअरसाठी बाहेरचा मोठा माणूस मिळता मिळेना, कारण पाच वर्षांनी त्याला पगार कोण देणार हे संस्थेला सांगता येईना. आणि पंधरा देशांत पण पुन्हा तीच गत, काही देशांनी भराभर प्रोजेक्ट नेले, पोर्तुगाल त्यात पुढे, काही नुसते बघत राहिले. मागच्यांच्या रांगेत पण पुढचे-मागचे असतातच.

एक बारीक गोष्ट मला ह्या सगळ्यात फार आवडते ती सांगते. आताच्या ट्विनिंग आणि इरा चेअरच्या प्रपोजलात तुमच्या संस्थेच्या ऑफिसच्या माणसांना काय शिकवणार, हेही लिहावं लागतं. म्हणजे हिशेब ठेवणारा, खरेदी करणारा, करार वाचणारा. शास्त्रज्ञाला पॅरिसला पाठवून आणलं आणि त्याचं बिल पास करणारा टेबलावर तसाच राहिला तर उपयोग शून्य, हे त्यांना ठेच लागून कळलं. ताई, तुमच्या फ्रीझरला शास्त्रज्ञ कमी पडला नाही, एएमसीचा हेड कुठे टाकायचा हे माहीत असलेला क्लार्क कमी पडला.

दापोली_कलमवाला

कागदवाली ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला साष्टांग. आमच्याकडे एक यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट अडलं म्हणून दुसऱ्या वर्षाचा हप्ता आला नाही आणि पोरगा फेलोशिपशिवाय सात महिने बागेत राबला. संस्थेचं नाव घेत नाही, दाणापाणी तिथलंच आहे.

जरा विषयांतर. ह्या यादीत नुसते देश नाहीत, युरोपियन देशांचे लांबवरचे तुकडे पण आहेत, त्यात रेयुनियॉं आहे. हे बेट कुठे, तर हिंदी महासागरात, मादागास्करच्या पलीकडे. कागदोपत्री फ्रान्स. पॅरिसला अर्ज केला तर वायडनिंग नाही, रेयुनियॉंला केला तर आहे! आणि तिथे सिराद ही फ्रेंच शेती संशोधन संस्था आंब्यावर काम करते. आमच्यातल्या आंबावाल्या पोरांना मी हे गेली दोन वर्षं बोंबलून सांगतोय. दक्षिण गोलार्ध, त्यामुळे त्यांचा मोसम डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे माणूस तिथला सीझन करून आपल्या एप्रिलला घरी परत. साक्यावर (आंब्याचा गर आतून खराब होतो तो), फुलोऱ्यावर, फळमाशीवर, एका वर्षात दोन मोसम बघायला मिळतात. हापूसचा साका कापल्याशिवाय कळत नाही हे दुःख घेऊन आपण रत्ना आणि सिंधू काढल्या, जाती उत्तम, पण गिऱ्हाईक अजून हापूसच मागतं, तर साक्यावर काम करायला माणसं लागणारच आहेत. कोणी ऐकत नाही. सगळ्यांना नेदरलँड्सच हवं.

खाडीकाठची ताई, तुम्ही समुद्राकडच्या, तेव्हा तुमच्यासाठी अझोर्स, मादेइरा, कॅनरी बेटं पण त्याच यादीत आहेत. पण प्राध्यापक स्वतःहून विचारतायत तर तिकडेच जा, आलेलं स्थळ नाकारू नका.

आणि इथलं विचाराल तर आपल्याकडे ट्विनिंगसारखं काहीतरी सुरू झालंय. २०२३ च्या कायद्याने एएनआरएफ ही संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था आली, आधी ते काम करणारं जुनं सर्ब त्यात गेलं, त्यांची 'पेअर' नावाची योजना आहे. एक मोठी संस्था हब, तिला सातपर्यंत स्पोक, स्पोक म्हणजे राज्यांची विद्यापीठं वगैरे, एका जाळ्याला पाच वर्षांत १०० कोटींपर्यंत. कल्पना तीच, आयआयटीवाल्यांनी मागच्यांचा हात धरायचा. पण ती विद्यापीठांसाठी, आमच्या-तुमच्या तालुक्याच्या कॉलेजपर्यंत त्याचं पाणी कधी झिरपणार देव जाणे.

खाडीकाठची

अहो केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मुलगी झोपल्यावर दोनदा वाचलं.

दापोलीवाले दादा, इथल्या योजनांचं मी बघितलं होतं. कॉलेजच्या शिक्षकांनी मोठ्या संस्थेत जाऊन रिसर्च करायची 'टेअर' नावाची स्कीम आहे, तीन वर्षांची, आमच्यासारख्यांसाठीच केलेली असं वाचून आनंदाने उडी मारली, खाली बारीक अक्षरात रेग्युलर पोस्ट हवी. सीएचबीला रेग्युलर काय असतं, रेग्युलर फक्त उशिरा होणारा पगार. मला पोर्तुगाल घेतंय पण माझं राज्य मला अजून शिक्षक धरत नाही, हसावं की रडावं.

ब्रनोवाले दादा, मुलीला नेलं का सोबत? शाळा?

ब्रनो_ते_लांजा

नेलं. बालवाडी सरकारी होती, जागा मिळायला चार महिने गेले, तोपर्यंत बायको घरी अडकली, तिचं तेच सगळ्यात मोठं दुखणं होतं. पोरगी सहा महिन्यांत चेक बोलायला लागली आणि आम्हाला दुकानात दुभाषी झाली. तुमचे मिस्टर बँकेत आहेत ना, रजा कशी मिळते ते आधी बघा, पोस्टडॉकपेक्षा ते अवघड निघेल.

आणि दोन ओळी प्रपोजलबद्दल. मुख्य भाग दहा पानांचा असतो, त्यात विज्ञान एकच हिस्सा, बाकी तुम्ही काय शिकणार, तुम्ही त्यांना काय शिकवणार, पुढे करिअरचं काय, हे विचारतात. आपली मंडळी 'मी शिकायला येते' अशी हात जोडून लिहितात. तसं लिहू नका. त्यांच्या खाजणातल्या शिंपल्यांना जे होतंय ते पावसाळ्यात खाडीचं पाणी आठवड्यात खारट गोडं होतं तेव्हा कसं वागतं, हे बघितलेलं माणूस तुम्ही आहात. हे तुमचं देणं आहे, ते पहिल्या पानावर यायला पाहिजे. सुपरवायझरबरोबर निदान तीन ड्राफ्ट करा, जूनपासून सुरू करा, ऑगस्टमध्ये युरोपात चिटपाखरू मेलला उत्तर देत नाही.

कागदवाली

ह्याला दुजोरा, पोर्तुगाल तर ऑगस्टमध्ये अख्खा समुद्रावर असतो. आणि इरा फेलोशिप आहे म्हणून ७० ची लाईन डोळ्यासमोर ठेवून लिहू नका, तिथे पण रांग वरूनच लागते, ७२ वाल्याचा नंबर क्वचितच लागतो. प्राध्यापकांना विचारायचे प्रश्न आधी मेलवर विचारा, लाजू नका. ह्या देशातल्या संस्थांना बाहेरचं माणूस हवं असतं, ते त्यांच्याही प्रगतिपुस्तकात जातं. तुम्ही उपकार मागत नाही आहात.

खाडीकाठची

मंडळी, पंधरा दिवसांनी अपडेट.

प्राध्यापकांना मेल केली, तीन प्रश्न. दोन वर्षांनी पुढे काय, संस्थेत परदेशी माणसाची कागदपत्रं कोण बघतं, आणि (हे लिहिताना हसू येत होतं) तुमच्या उणे ८० च्या फ्रीझरला लाईट गेल्यावर काय करता. नवरा म्हणाला हे काय विचारणं झालं, इंटरव्ह्यू तू घेतेयस की ते.

उत्तर आलं दुसऱ्या दिवशी, लांबलचक. कागदपत्रांना ऑफिस आहे, एक बाई पूर्णवेळ तेच करतात, मागे एका ट्विनिंग प्रोजेक्टात त्यांचं ट्रेनिंग झालं होतं. कागदवाली ताई, तुमची आठवण आली. पुढे काय ह्याला त्यांनी सरळ लिहिलं की कायमची जागा मी कबूल करू शकत नाही, राष्ट्रीय कॉलला अर्ज करायला मदत करेन, आमच्याकडची निम्मी माणसं अशीच एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर उड्या मारत जगतायत. मला हे खरं बोलणं आवडलं, इथे कोणी एवढंही सांगत नाही.

आणि फ्रीझर. जनरेटर आहे, अलार्म आहे, तापमान वाढलं की टेक्निशियन बाईंच्या फोनवर मेसेज जातो, मग रात्री दोन वाजले असले तरी त्या गाडी काढून येतात. सगळ्या सॅम्पलची नोंद त्यांच्या डोक्यात. फक्त त्या पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि त्यांची जागा भरायला मंजुरी अजून आलेली नाहीये.

तर अर्ज करतेय. जूनची वाट बघत नाही, पहिला ड्राफ्ट आत्ताच सुरू केलाय, पहिल्या पानावर पावसाळ्यातली खाडी घातलीय. नवऱ्याने बँकेत रजेचं विचारलं, साहेब म्हणाले बघू. अमावास्येच्या ओहोटीला आणखी एक सॅम्पलिंग करून ठेवते, ह्या वेळी डीएनए काढून मुंबईला मैत्रिणीच्या लॅबमध्ये पाठवणार, कॉलेजच्या फ्रीझरमध्ये हल्ली ऑफिसवाले पाण्याच्या बाटल्या ठेवतात.

आणि गजालवाले काका, मशीन कोण चालवतलो ते त्यांना पण ठाऊक नाही हो.

आंबोली_गजालवालो

मिया म्हटलंय ना. बरां जावा तुमी, मागे फिरा नको. पण तिसऱ्यो खंयच्यो बऱ्यो ता थंयसून येवन सांगा, तेंच्यो काय आमच्यो.